हात मांगं

यमुताई वानखडे कोणाला काही शिकवायला बसल्या, की आधी आपले दोन्ही हात पाठीमागे न्यायच्या आणि जवळ जी कोणी असेल तिच्याकडे पाठ करून म्हणायच्या, "बांध वो माय. सुटे राहिले तं आयकत नाईत ते." आणि खरोखरच पदराच्या टोकाने हात बांधून घ्यायच्या. मग शिकवणं भाकरी थापायचं असो, स्वेटरचा गळा उतरवायचं असो की टाइपरायटर चालवायचं असो. एरवी ही बाई इतके हातवारे करून बोलायची, की शेजारी बसलेल्याने आपला चहाचा कप उचलून धरावा. शिकवताना मात्र तोंड मोकळं आणि हात कैदेत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते अकोल्याच्या जठारपेठेत, गोळे मास्तरांच्या टायपिंग क्लासात. वडिलांची बदली झाली म्हणून आम्ही पुण्याहून नुकतेच आलो होतो. महाराष्ट्र नवा नवा झालेला, कचेऱ्यांचा कारभार मराठीत येणार, मराठी टायपिस्टांना मागणी येणार, असं जो तो बोलत होता. मुलींना क्लासात घ्यायचं की नाही यावर मास्तरांनी आपल्यापुरता तोडगा काढला होता. मुलीबरोबर भाऊ किंवा वडील येऊन बसले पाहिजेत. त्यामुळे मी आत टकटक करायची आणि माझे वडील बाहेरच्या बाकावर तेच वर्तमानपत्र पुन्हा पुन्हा वाचायचे. शहरातल्या विहिरींच्या पाण्याची पातळी त्यांना पाठ झाली होती.

एके दिवशी पाठीमागून आवाज आला, "बोटं तं घोड्यावानी पयतात तुयी. कोणाले शिकवशील काय?" वळून पाहिलं तर एक उंच, सावळी, रुंद कपाळाची बाई कमरेवर हात ठेवून माझ्या बोटांकडे बघत होती. पुण्यात अनोळखी माणूस आधी नाव विचारतं, मग आडनाव, मग गाव, आणि सगळं पटलं तर कामाचं बोलतं. यमुताईंनी माझं नाव विचारलं ते मी हो म्हटल्यानंतर. ते बोलणं मला त्या दिवशी भांडणासारखं वाटलं होतं. पुढे कळलं की वऱ्हाडात ती लाडाची भाषा आहे आणि भांडण याहून बरंच मोठ्याने होतं.

यमुताई मूळच्या अमरावतीच्या. अकोल्यात एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. धम्मदीक्षेनंतर त्यांच्या घराने पोरींना शिकवायचंच असं ठरवलं होतं, आणि अमरावतीच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज टाइप करून देणाऱ्या चुलतभावाकडे यमुताईंना धाडलं होतं. तिथली गोष्ट त्या नेहमी सांगत. "दादा भला माणूस. पण मी एक अक्षर चुकली का तो मशीन आपल्याकडं ओढे, अन् टकाटक मारून मोकळा. पूर्ण पावसाळा मी टायपिंग नाई शिकली. दादाची बोटं पाहाले शिकली." शेवटी दादाला हिवताप झाला, आठवडाभर तो घरी पडला, आणि त्या आठवड्यात यमुताई टायपिंग शिकल्या. "दादा चांगला झाला तवा मले आनंदबी झाला अन् वाईटबी वाटलं," असं म्हणून त्या इतक्या हसायच्या की ऐकणाऱ्याला दादाची काळजी वाटावी.

त्यांच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती. ज्या बाईला भाऊ नाही, वडील नाहीत, तिने मास्तरांच्या क्लासात कसं यायचं? अशी एक बाई त्यांच्या शेजारीच राहत होती. गोदावरी. माहेर अंजनगाव सुर्जीचं, सातवी पास, नवरा एका कचेरीत शिपाई होता तो वारला होता. टायपिंग येत असेल तर तुझा विचार करू, असं कचेरीतल्या साहेबांनी तिला तोंडी सांगितलं होतं. गोदावरीला भाऊ नव्हता. म्हणून यमुताईंना मास्तरांकडून सकाळचा एक तास हवा होता, फक्त बायकांचा, बाकावर कोणीही बसवायचं नाही असा.

गोळे मास्तर वाईट नव्हते. टाइपरायटरवर त्यांचा पोटच्या पोरांपेक्षा अधिक जीव होता इतकंच. रोज संध्याकाळी ते प्रत्येक यंत्राला फडक्याने पुसून झाकण घालत, आणि मला वाटतं पुटपुटत काहीतरी बोलतही असत. ते यमुताईंना म्हणाले, "वानखडेबाई, यंत्र म्हणजे चूल नव्हे." यमुताई म्हणाल्या, "मास्तर, चुलीनं हात भाजते. हे तं नुसतं वाजते." अशी घासाघीस बरेच दिवस चालली. शेवटी मास्तरांनी अट घातली. परीक्षा आटोपल्या की क्लास काही दिवस बंद असतो. त्यातले दोन दिवस यंत्रं बायकांना देतो. ज्यांनी टाइपरायटर कधी पाहिलेलाही नाही अशा बायका आणा. दुसऱ्या संध्याकाळी प्रत्येकीने आपलं नाव, गाव आणि स्वतःच्या मनातली एक ओळ, कोणाच्याही मदतीशिवाय, माझ्यासमोर काढून दाखवली, तर सकाळचा तास बायकांचा. एक जरी अडली, तर हा विषय पुन्हा माझ्यापुढे काढायचा नाही.

शिकवायला टायपिंग येणाऱ्या आम्ही सहा मुली होतो, सगळ्या भावावडिलांना बाकावर बसवून शिकलेल्या. आम्हाला वाटलं, आपल्याला येतं, म्हणजे शिकवता येणारच. यमुताईंना नेमकं उलट वाटत होतं. "तुमाले येते, हाच तं घोळ हाय," त्या म्हणाल्या. म्हणून त्या दोन दिवसांच्या आधी आठवडाभर आमचीच शिकवणी सुरू झाली.

पहिल्या दिवशी यमुताई विद्यार्थिनी झाल्या आणि आम्ही शिक्षिका. आमचे हात त्यांनी आमच्याच वेण्यांच्या रिबिनींनी पाठीमागे बांधले. मग त्यांनी जे काही केलं त्याला मी आजवर नाव शोधते आहे. कागद उलटा लावला. कागद सुलटा लावून स्वतः उलट्या बाजूला जाऊन बसल्या. ओळ संपल्यावर यंत्राची घंटी वाजली तशा उठून दाराशी गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "कोणीच तं नाई आलं." सरोज नावाची माझी मैत्रीण होती, ती हसून हसून बांधलेल्या हातांनीच खाली बसली आणि मग तिला उठता येईना. माझी पाळी आली तेव्हा मी सारखी म्हणत होते, इथे दाबा, तिथे दाबा. यमुताई शांतपणे मला विचारत, "इथे म्हणजे कुठी? माया डोयात का तुया डोयात?" आणि रिबिनीत माझी बोटं नुसती वळवळत होती.

दुसरा नियम होता एका शब्दाविषयी. "सोपं आहे" असं म्हणायचं नाही. यमुताईंचं म्हणणं असं की, जो म्हणतो सोपं आहे, त्याला तर येतच असतं, आणि ज्याला येत नाही तो त्या एका शब्दाने गाढव ठरतो. नियम मोडणारीला शिक्षा होती सायकलची.

सायकलचं हे असं. एका नर्सबाईंची लेडीज सायकल यमुताईंनी मागून आणली होती. आमच्यातल्या एकीलाही सायकल येत नव्हती. यमुताई म्हणाल्या, टायपिंग शिकून तुम्हाला इतके दिवस झालेत की न येणं म्हणजे काय असतं ते तुम्ही विसरलात, तर आधी ते आठवा. कापसाची सरकी काढणाऱ्या ओळखीच्या एका जिनिंगच्या आवारात, सुट्टीच्या दिवशी, आम्हा सगळ्यांना त्यांनी सायकलवर चढवलं. दिवस कापसाचे होते. आवारात कापसाचे डोंगर लागले होते, आणि आम्ही एकीपाठोपाठ एक त्या डोंगरांत जाऊन पडत होतो. जिनिंगचा रखवालदार आधी आरडाओरडा करायला आला होता. थोड्या वेळाने तो खुर्ची घेऊन आला.

मला आठवतं, मी हँडल घट्ट धरून बसले होते आणि सरोज बाजूने ओरडत होती, "अगं सोपं आहे!" तेवढं म्हटल्याबरोबर तिची पाळी लागली. त्या दिवशी मी किती पडले याचा हिशेब कापसाने ठेवला. घरी गेले तेव्हा माझ्या केसांकडे बघून आई घाबरून म्हणाली, "एका दुपारीत म्हातारी कशी झालीस?" पण झोपताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सरोजने सीट धरून ठेवलेली असताना मला काहीच येत नव्हतं. ती सोडून द्यायची, मी पडायची, आणि त्यातूनच थोडं थोडं येत होतं. यमुताईंना ही गोष्ट मी दुसऱ्या दिवशी मोठ्या शोधाच्या थाटात सांगितली. त्या म्हणाल्या, "मंग? मी काय तुमाले कापूस मोजाले नेलं होतं?"

सर्वांत जास्त पडल्या त्या यमुताई स्वतः. नंतर रोज संध्याकाळी सराव झाला आणि आठवड्याच्या शेवटी आम्हा सगळ्यांना थोडीफार सायकल आली. यमुताई मात्र पॅडलवर पाय ठेवायच्या, सायकल एकीकडे जायची आणि त्या दुसरीकडे. हसत उठायच्या, लुगडं झटकायच्या आणि पुन्हा चढायच्या. दोन हात अंतर त्या कधी गेल्या नाहीत. ब्रेक कसा लावायचा हे त्यांना शिकवायचं आमच्या मनातही आलं नाही. थांबायला आधी जावं लागतं.

मग ते दोन दिवस आले. गोदावरीला कुठे न सोडणारी तिची सासू नेमकी मोझरीच्या आश्रमात गेली होती, म्हणून तिला येता आलं. नऊवारी, पाचवारी, कडेवर मूल, हातात डबा, अशा बायका क्लासात शिरल्या आणि मास्तर दाराजवळच्या खुर्चीत छातीशी फडकं धरून बसले. आम्ही एकेका यंत्राशेजारी उभ्या, हात मागे. पहिल्या दिवशी घंटी वाजली तेव्हा एक बाई खरंच दाराकडे बघू लागली. आम्ही सहाजणींनी एकमेकींकडे बघायचं कटाक्षाने टाळलं, नाहीतर तिथेच सगळं संपलं असतं. यमुताई खोलीभर फिरत होत्या आणि आमच्यापैकी कोणाचा हात पुढे सरकला की मागून हलक्या आवाजात ऐकू यायचं, "हात मांगं."

माझ्या वाट्याला गोदावरी होती. ती कळ इतकी जपून दाबायची की कागदावर अक्षराची नुसती सावली उमटायची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाकीच्या बायकांची पानं निघाली. एकीने लिहिलं होतं की तिच्या म्हशीचं नाव राणी आहे. मास्तर एकेक पान उजेडात धरून बघत आणि मान हलवत. राहिली गोदावरी. तिने मनाचा हिय्या करून जोरात कळा दाबल्या, त्या दोन एकदम दाबल्या गेल्या, आणि यंत्राच्या पोटातल्या दोन दांड्या एकमेकींत अडकून बसल्या. खट्ट असा आवाज झाला. मास्तर खुर्चीतून उभे राहिले.

गोदावरीने हात मांडीवर घेतले. "मी आता नाई लावत हात," ती म्हणाली. "मोडलं तं भरून कोण दीन?"

ते मोडलं नव्हतं. बोटाने जरा मागे ढकललं की दांड्या सुटतात, हे मला झोपेतही करता आलं असतं. माझ्या जिभेवर "सोपं आहे" आलं होतं ते मी गिळलं. मागे माझी बोटं एकमेकांत इतकी आवळली होती की ती दुखू लागली. मी म्हटलं, ते मोडलेलं नाही, अडकलं आहे, बघा बरं कुठे अडकलंय. पण गोदावरी यंत्राकडे बघतच नव्हती. ती मास्तरांकडे बघत होती. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं, आणि मला वाटलं, संपलं, सकाळचा तास गेला.

यमुताईंनी गोदावरीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि त्या बाहेर चालत्या झाल्या. सरोज नर्सबाईंची ती सायकल घेऊन आली होती, ती ओट्याला टेकवलेली होती. यमुताईंनी ती रस्त्यावर घेतली आणि हाक मारली, "मास्तर, बाहेर या. मोडणं काय असते ते मी दाखवतो." मास्तर गेले, मागोमाग बायका गेल्या, मुलं गेली, शेवटी गोदावरीसुद्धा ओट्यावर येऊन उभी राहिली. भर जठारपेठेत, किराणा दुकानावरच्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, यमुताई ओट्याचा आधार घेऊन सायकलवर चढल्या.

सायकल डावीकडे कलली. मास्तर धावले आणि त्यांनी मागून कॅरियर दोन्ही हातांनी धरलं.

"हात मांगं, मास्तर!"

मास्तरांना त्यांच्या आयुष्यात कोणी असं दरडावलं नसावं. त्यांचे हात आपसूक सुटले. आणि काय सांगू, सायकल पडलीच नाही. ती एकदा इकडे, एकदा तिकडे वळली, सरळ झाली आणि निघाली. किराणा दुकान मागे पडलं, पिठाची गिरणी मागे पडली. यमुताईंचा पदर मागे उडत होता आणि त्यांचा आवाज ऐकू येत होता, "बाजूले व्हा वो, मले थांबता येत नाई!" एक पानवाला बाजूला झाला, एक बकरी बाजूला झाली, वळण आलं आणि यमुताई दिसेनाशा झाल्या.

मास्तरांचे हात अजून हवेत होते. मग खुसखुस असा आवाज आला. गोदावरी हसत होती. ती तोंडाला पदर लावून हसली, मग पदर काढून हसली, मग खांबाला धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "पडल्याच नाई वो," ती म्हणाली. "कोणी धरलं नाई तवाच पडल्या नाई." आणि तशीच डोळे पुसत आत गेली.

मी मागे धावले आणि तिच्या शेजारी उभी राहिले, हात मागे. तिने यंत्रात वाकून बघितलं, एक बोट घातलं आणि दांड्या मागे ढकलल्या. त्या सुटल्या. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने नाव काढलं, गाव काढलं, एक अक्षर शोधायला तिला इतका वेळ लागला की मी मनातल्या मनात ते दहादा दाबून मोकळी झाले. घंटी वाजली, तिने बाजूची दांडी ओढून नवी ओळ घेतली. मध्ये एकदा मी बाजूला बघितलं, तर मास्तर माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांनीही आपले हात पाठीमागे बांधले होते. ते त्यांना ठाऊक नव्हतं असं मला वाटतं.

कागद बाहेर आला. मास्तरांनी तो उजेडात धरला आणि मोठ्याने वाचला. नाव, गाव, आणि मनातली ओळ: "यमुताई सायकलवर गेल्या. अजून आल्या नाहीत."

मास्तरांनी दाराबाहेर रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. "मजकूर बरोबर आहे," ते गंभीरपणे म्हणाले, आणि मग गोळे मास्तर हसले. त्यांच्या क्लासात इतके दिवस काढून मी त्यांचे दात तेव्हा पहिल्यांदा पाहिले. सकाळचा तास बायकांचा, असं ते हसता हसताच बोलून गेले, आणि ओट्यावर एकच गलका झाला.

तेवढ्यात यमुताई आल्या. एका बैलगाडीवर कापसाच्या बोजांच्या शिखरावर बसून आल्या, शेजारी सायकल आडवी ठेवलेली. पुढच्या चौकात कापसाची गाडी चालली होती, तिच्या मागे जाऊन त्या पडल्या होत्या. आठवडाभराचा सराव कामी आला होता. गाडीवानाला त्यांनी तेवढ्यात आपली मामेबहीण कुठल्या गावी दिलीय ते सांगून ओळख काढली होती. त्या उतरल्या, गोदावरीने कागद त्यांच्या पुढे धरला, त्यांनी वाचला, आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचला. मग म्हणाल्या, "आली वो बाई. आली आता."

त्या मुद्दाम गेल्या होत्या का, हे मी त्यांना नंतर कितीदा तरी विचारलं. नेमक्या वेळी खोलीतून निघून जायचं, हे त्यांनी ठरवलं होतं का? प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळालं. "ब्रेक कोणी शिकवला होता काय मले?"

सकाळचा वर्ग सुरू झाला. फक्त बायकांचा तास म्हटल्यावर सासूनेही सोडलं, आणि गोदावरी तिथे तयार झाली, कचेरीत लागली, आणि तरी सकाळी शिकवायला येत राहिली. तिचा तो कागद मास्तरांनी भिंतीवर लावला. यमुताई रोज येत, फिरत आणि कोणाचे हात पुढे जातात ते बघत. मग त्यांची अमरावतीला बदली झाली. ते ऐकून मला जे वाटलं ते मी लपवणार नाही. मी घरी येऊन रडले. त्या वर्गात यमुताई नसतील आणि सगळं माझ्या गळ्यात पडेल, या विचाराने मी इतकी घाबरले की मी त्यांना सांगून टाकलं, मला नाही जमायचं, दर रविवारी तुम्ही अकोल्याला येत जा. त्या नेहमीसारख्या हसल्या नाहीत. "बघू," म्हणाल्या.

त्यांना पोचवायला आम्ही सगळ्या एस.टी. स्टँडवर गेलो. गोळे मास्तरही आले होते, हातात केळ्यांचा घड घेऊन. गाडी सुटली तशा आम्ही सगळ्या हात हलवायला लागलो. यमुताई खिडकीशी बसल्या होत्या. तोंडभर हसत होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं. एरवी बोलताना शेजाऱ्याचा चहा सांडणारी ती बाई, पण खिडकीबाहेर हात आला नाही. मी वाकून पाहिलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले होते. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ते पुढे आले नाहीत.

यमुताई दर रविवारी आल्या नाहीत. एकाही रविवारी आल्या नाहीत.

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी वर्गात एक नवी बाई आली होती. टाइपरायटरसमोर बसली, आणि यंत्राला हात लावावा की नमस्कार करावा अशा नजरेने माझ्याकडे बघू लागली. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माझी बोटं कळांकडे निघालीच होती. मी ती ओढून पाठीमागे नेली, गोदावरीकडे पाठ केली आणि म्हटलं, "बांध वो माय. सुटे राहिले तं आयकत नाईत ते."